सुपारी फुटली, फ्लॅट गेला

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. आपली कहाणी शांतपणे सांगावी म्हणतात. ते तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐका.

पेणच्या एका लोहाराने मला घडवलं. मुठीवर पितळेचे दोन पोपट बसवले. चंद्रावतीबाई लग्न होऊन करंजाड्याला आल्या, तेव्हा माहेरच्या भांड्यांबरोबर मीही आलो. पुढे या घरातल्या प्रत्येक सोयरिकीची सुपारी मीच फोडली. सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग मोडायची कुणाची छाती नसे. पाहुणे म्हणत, "काय धार हाय!" मी फुलून जात असे.

मग लोक पुड्या फोडून खाऊ लागले आणि मी फडताळात गंजत पडलो. एके दिवशी या घराच्या शेतजमिनीवर इमारत उभी राहिली. घरच्यांच्या वाट्याला फ्लॅट आले, आणि चंद्रावतीबाईंचे यजमान, म्हणजे दाजी, यांनी मला चिंच लावून घासून काढलं. मला वाटलं, चांगले दिवस आले. कसले चांगले! दाजींनी सोयरिकीचा रिवाज फ्लॅटच्या सौद्याला लावला. हा माणूस ओळखून ठेवा, मित्रांनो. हा ओटीवर बसून तोंडाने देतो आणि आत जाऊन कागदाने घेतो.

वीज मंडळातून निवृत्त झालेले योसेफ फ्लॅट बघायला आले. पनवेलमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात आणि तिथे लिफ्ट नाही. त्यांच्या पत्नी मझलबाईंचा एक पाय अर्धांगवायूने गेला. तेव्हापासून सणालासुद्धा त्यांना सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या ज्यू प्रार्थनामंदिरात, जाता आलेलं नाही. दाजींचा तळमजल्याचा फ्लॅट पाहून योसेफना भरून आलं. सांगितलेल्या किमतीत त्यांनी एक पैसा घासाघीस केली नाही. फक्त चाचरत म्हणाले, "दाजीशेठ, एका कागदावर लिहून घेऊ या का?"

"कागद?" दाजी गरजले. "सायेब, आमी काय चोर हाव? आमच्याकं सुपारी फुटली म्हंजे पोर दिली!" आणि कचकन मला दाबलं. योसेफ ओशाळले. वडीलधाऱ्याचा अपमान झाला की काय, या धाकाने त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि घरी जाऊन घरमालकाला सांगून टाकलं, महिनाअखेर जागा सोडतो. घरमालकाने लगेच दुसरा भाडेकरू ठरवला. भलेपणाने माणूस किती वेंधळा होतो, बघा.

आठवड्याने केतन नावाचा तरुण आला. त्याने सुपारी खाल्लीच नाही. एक पान पुढे ठेवलं: फ्लॅट कोणता, किंमत काय, बयाणा किती, करार कधी नोंदवायचा, उत्तर किती तारखेच्या आत द्यायचं, आणि खाली सही. किंमत योसेफनी कबूल केली होती त्यापेक्षा कमीच होती. तरी दाजी ते पान घेऊन वकिलाकडे गेले आणि येऊन त्यांनी त्यावर सही ठोकली.

"अवो, त्या सायबांना शबूद दिलाव ना?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

"सायबाचं काय, नुसतं तोंडी हाय! उद्या पलटला तर? हा पक्का गिऱ्हाईक. लिहून दिलंय त्यानं."

ऐकलंत? ज्याने कागद मागणाऱ्याला लाजवलं, तोच तोंडी शब्दाला हसतो! त्या क्षणी दाजींचं बोट माझ्या पात्यात यायला हवं होतं. नाही आलं.

फ्लॅट कागदावर दुसऱ्याला गेला आणि चंद्रावतीबाईंच्या नावावर आणखी एक आहे, हे बाहेरून कळल्यावर काल योसेफ रिक्षाने आले, सोबत मझलबाई. जागा सोडायला तीनच दिवस उरलेले. दाजींना लाज? छे! "चंद्रावतीच्या नावावर दुसरा हाय की, तोपन तळमजल्याला. तोच देतो. बसा, सुपारी फोडू."

मझलबाई रिक्षातूनच बोलल्या. "दाजीशेठ, मागची सुपारीच अजून पचलेली नाही. हे घ्या." आणि त्यांनी चंद्रावतीबाईंच्या फ्लॅटचं, सही केलेलं पान दोन प्रतींत पुढे केलं. किंमत, फ्लॅट, अटी, तारीख, तीन दिवसांत राहायला येणं, सगळं त्यावर होतं.

"बाई, इस्वास नाय व्हय?"

"आहे ना. तुम्ही कागदच पाळता, यावर पूर्ण विश्वास आहे."

रिक्षावाला खो-खो हसला. आतून चंद्रावतीबाई पदराला हात पुसत आल्या. "आना तो कागुद. फ्लॅट माझा, आन सुपारी फोडनार ह्ये?" त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, दोन दिवसांत बयाणा, असं आणखी लिहवून घेतलं आणि सही केली. दुसरी प्रत मझलबाईंनी पर्समध्ये घातली. दाजी ओटीवर एकटेच सुपारी कातरत बसले. दातओठ खात होते, तेही फुकट.

मित्रांनो, मला धार लावा, तेल द्या, कोरडा ठेवा. मी नातवंडांनाही पुरेन. पण घर घेताना किंवा विकताना मला साक्षीला बसवू नका. कुणी म्हणालं, "कागद कशाला, विश्वास नाही का?", तर लाजू नका. त्यालाच पेन द्या. मला फक्त दोन पाती आहेत, सही करायला हात नाही.