वीस पावलांवरचं विमान

पत्रे जोडणारा एक रिव्हेट, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा – आणि तिसऱ्याच्या डोक्यावरचा रंग नखाएवढा उडालेला... श्वास रोखून त्याने बटण दाबलं, कॅमेरा जरा डावीकडे सरकवला, तर पुन्हा रिव्हेटच. विमान कुठे गेलं? समोरच तर होतं, चार पंख्यांचं, म्हातारं, मालवाहू, उद्या भंगारात जाणारं – वीस पावलांवर!

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बावीस वर्षं कुंपणाच्या जाळीतून विमानांचे फोटो काढणाऱ्या माणसाला आत जायचा पास मिळाला, अर्ध्या तासाचा, आणि हा शहाणा सवयीने लांबची, दूरचं ओढून जवळ आणणारी लेन्स घेऊन आला. तीच, एकटी. मोबाइल फाटकावर जमा. मागे सरकावं तर पिवळी रेघ, आणि रेघेवर सुरक्षा अधिकारी हाताची घडी घालून उभा. तोंडचं पाणीच पळालं त्याच्या. दादाला काय सांगायचं?

दादा, त्याचा थोरला भाऊ, याच जातीच्या विमानांवर एकतीस वर्षं मेकॅनिक. आता एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. "पूर्ण आण रे," परवा म्हणाला होता, "नाकापासून शेपटीपर्यंत. दिसतंय तोवर बघून घेतो." दादाने आयुष्यात त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आणि तरी – लाज वाटावी असा आनंद त्याला होत होता. सकाळी ढगाळ आभाळ बघून, विमानांना सवत म्हणणारी त्याची बायको म्हणाली होती, "आज माझ्या सवतीचा चेहरा काही उजळ यायचा नाही." पण तिला काय ठाऊक, उन्हात हा पत्रा अर्धा चकाकतो आणि अर्धा काळा पडतो, आज या राखाडी, सपाट उजेडात सावली म्हणून कुठे नव्हती, लपायला जागाच नव्हती. पोचे, ठिगळं, इंजिनाखालून ओघळत गेलेलं तेल, दाराच्या कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेला पट्टा... किती हात! त्यांत दादाचेही असतील. एकतीस वर्षं हा माणूस रोज हे बघून घरी यायचा आणि जेवताना चकार शब्द काढायचा नाही! त्याला दादाचा हेवा वाटला, रागही आला, आणि बोट मात्र थांबेना.

"साहेब, दहा मिनिटं राहिली," अधिकारी म्हणाला. "एवढ्या जवळून काय दिसतंय हो तुम्हाला?"

"सगळं," तो म्हणाला. "विमान सोडून."

अधिकारी हसला. तोही हसला, आणि हसता हसता त्याने कॅमेरा खाली घेतला. कारण पूर्ण विमान... पूर्ण विमान तर घरी होतं! पलंगाखालच्या ट्रंकेत, याच जातीची पंचवीस-तीस तरी, उतरताना, उडताना, नाकापासून शेपटीपर्यंत, जाळीच्या भोकातून टिपलेली. दादा शेजारच्या खोलीत झोपत होता, आणि यातला एकही फोटो त्याने दादाला कधी दाखवला नव्हता. हसेल म्हणून. आत काम करणाऱ्याला बाहेरच्याचं काय कौतुक, म्हणून. दोन्ही डोळे धडधाकट होते तेव्हाही नाही... आणि दादा? तो तरी कुठे विचारत होता? की पंखाखाली पाठ टेकून राबणाऱ्या त्या माणसाला ते कधी पूर्ण दिसलंच नव्हतं?

आज रात्रीच ट्रंक ओढायची की हे ठिगळांचे फोटो आधी पुढे करायचे, की काहीच न दाखवता नुसतं विचारायचं, "दादा, तू मला कधी सांगितलं का नाहीस?" – आणि त्याने उलटून हेच विचारलं तर? पण बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला विमानापेक्षा घरी जायची घाई झाली होती, आणि अजून आठ मिनिटं शिल्लक होती.