आर्डिसची साथ

आर्डिस हॉगेन पियानोवर असली की गावातली पोरं निर्धास्त असायची. शाळेतलं कुठलंही पोर स्पर्धेला जावो, साथीला आर्डिसच. घाबरून कुणी दोन ओळी गाळल्या, तर तीही तेवढ्याच ओळी टाकून त्याला गाठायची. परीक्षकांना पत्ता लागायचा नाही. तिच्या मुलीच्या, सिग्नीच्या ट्रॉम्बोनला, त्या लांब पितळी वाद्याला, तर दुसऱ्या कुणाची साथ ठाऊकच नव्हती.

म्हणून त्या हिवाळ्यात घोटाळा व्हायला लागला, तेव्हा सिग्नीनं दोष स्वतःलाच दिला.

फेब्रुवारीत विद्यापीठाच्या संगीत विभागाची निवड परीक्षा होती. तिच्यासाठी शाळेच्या बँडच्या क्वाले सरांनी एक फ्रेंच रचना काढून दिली होती, भल्याभल्यांना घाम फोडणारी. आधी छाती रिकामी करणारे लांब सूर, मग मनगट गळून जाईल अशी धावपळ, आणि मधे ट्रॉम्बोन गप्प राहून पियानो एकटाच वाजतो तो मोठा तुकडा. तो मंदावत संपला की ट्रॉम्बोननं एकदम वरच्या सुरावर यायचं, तेही अगदी हळू.

"तो सूर लागला तर तू आत," सर म्हणाले होते. "फुटला तर बस बाबांच्या शेजारी रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ट्रकमध्ये."

सिग्नी शाळा भरण्याआधी जाऊन ओठ सुजेपर्यंत वाजवायची. ख्रिसमसच्या सुमारास सूर लागायला लागला. पण घरी आईबरोबर वाजवताना ती दर वेळी मागे पडे.

"झोपलीस का ग?" आर्डिस म्हणायची. "मी केव्हाची येऊन थांबलेय."

एकदा त्या मोठ्या तुकड्यात सिग्नीनं पियानोच्या सुरांचा कागद डोळ्यांनी धरून ठेवला. आई दुसऱ्या ओळीवरून थेट शेवटच्या ओळीवर गेली. इतक्या सफाईनं, की सांधा कुठं दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

बाबा, म्हणजे वेंडेल, गॅरेजमध्ये बुटांवरचा बर्फ झटकत होते. तिनं त्यांना सांगितलं.

"झोप लागत नाही तिला हल्ली," ते म्हणाले.

"बाबा, रविवारी चर्चमध्ये गाणं संपून सगळे खाली बसले तरी ती वाजवतच होती."

"मग? बरं वाजवत होती की." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "परीक्षेपर्यंत तरी तिला दुखवू नकोस. तेवढंच उरलंय तिला."

तेव्हा सिग्नीनं सोपा रस्ता धरला. आई जिथं उडी मारेल तिथं आपणही मारायची. दुसरी ओळ संपली की श्वास भरायचा आणि वरचा सूर. रोज दुपारी तसंच.

"आता कसं जमलं!" आर्डिस खूश झाली.

जानेवारी संपता संपता क्वाले सरांनी मायलेकींना एकत्र ऐकलं. आर्डिस कोट घालायला गेली, तसं त्यांनी सिग्नीला वाद्यांच्या खोलीत ओढलं.

"कधीपासून चाललंय हे?"

सिग्नी ट्रॉम्बोन पुसत राहिली.

"परीक्षक कागद समोर घेऊन बसतात, पोरी. विद्यापीठाची पियानोवाली घे."

"आईला कोण सांगणार, सर?"

सर बराच वेळ तुतारीच्या पेटीची उगीच उघडझाप करत राहिले. "मी सांगितलं तर तिला जास्त लागेल," शेवटी ते म्हणाले.

संध्याकाळी आर्डिस ओव्हनमधून बटाट्याचं भांडं काढत असताना सिग्नीनं सांगून टाकलं.

"ओळी गाळते? मी?" आर्डिसनं भांडं आदळलं. "तुझे ओठ दमतात आणि खापर माझ्यावर? नाचता येईना अंगण वाकडं!"

सिग्नीनं पियानोचा कागद टेबलावर पसरला आणि फोनवर रेकॉर्ड केलेलं आदल्या दिवशीचं वाजवणं लावलं. आर्डिस ओळींवरून बोट फिरवत गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी बोट थांबलं. संगीत पुढं गेलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. ती खुर्चीवर बसली.

"तुझ्या बाबांना माहीत आहे?"

सिग्नीनं होकारार्थी मान हलवली.

"दुसरी बाई घे," आर्डिस म्हणाली. "आणि मी पियानोवर बसले ना, तर मला उठव. ऐकतेस ना? उठव मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नी घरी आली तर आर्डिस पियानोवर कागद मांडून बसलेली. "कोट काढ लवकर. परीक्षा तोंडावर आली आणि तुझं काय चाललंय?"

सिग्नी तिच्या चेहऱ्याकडे बघत दारातच उभी राहिली. आई नाटक करत असेल, जिद्दीला पेटली असेल, काहीही असेल, असं काही तिथं दिसतं का ते तिनं शोधलं. नव्हतं. उठवायचं तर कालचं सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं. आणि उद्या पुन्हा. तिनं ट्रॉम्बोन काढला. मग परीक्षेपर्यंत रोज काढला.

परीक्षेच्या सकाळी वेंडेलनं बायकोला सांगितलं, की तिकडच्या वादळामुळं परीक्षा पुढं गेली, मी सिग्नीला घेऊन जरा बाजारात जाऊन येतो.

विद्यापीठाची पियानोवाली तरुण होती, हसतमुख होती, आणि कागदावर असेल ते वाजवणारी होती. लांब सूर छान गेले. धावपळीत एकही चूक नाही. मग ट्रॉम्बोन खाली घेऊन सिग्नी थांबली. आपल्याला पूर्ण थांबायचंय, हे ती मनात घोकत होती. दुसरी ओळ संपली आणि छाती आपोआप भरली, हात आपोआप वर गेले. वरचा सूर लागला. इतका स्वच्छ, इतका हळू तो आजवर कधीच लागला नव्हता.

खाली पियानो भलतंच काही वाजवत होता. परीक्षकांतल्या एकीनं मान वर केली.

सिग्नीनं ट्रॉम्बोन खाली घेतला. खरी जागा आली तेव्हा ओठ थरथरत होते. सूर फुटला.

ट्रकमध्ये वेंडेलनं विचारलं, "कसं झालं?"

"चुकले."

"कुठं?"

"सांगितलं तर तुम्हाला बरं वाटणार आहे का?"

वेंडेलनं ट्रक सुरू केला.

मार्चमध्ये नकार आला. त्याच सुमारास डॉक्टरांनी आर्डिसच्या विसरण्याच्या दुखण्याला नाव दिलं. नकाराची गोष्ट जेवताना निघाली.

"पियानोवर कोण होतं?" आर्डिसनं विचारलं.

"तिथलीच एक बाई."

"मग असंच होणार! परक्या बाईला तुझा श्वास कसा कळणार? मला का नाही नेलंत?"

वेंडेल पावाला लोणी लावत राहिले. लावून झालं तरी सुरी फिरवत राहिले. सिग्नीनं आईला पाणी ओतून दिलं.

"चुकलंच आई," ती म्हणाली. "न्यायला हवं होतं."