डावखुरीचं दूध

माझा भाचा एल्व्हियो पोर्तोहून आला की घरातलं काहीतरी सुधारून जातो. ईस्टरला त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये लिहिण्याचं महागडं सॉफ्टवेअर घातलं. मी तीस वर्षं पोस्टात टायपिंग केलेली बाई, मला या थाटाची गरज नव्हती. तरी भिडेपोटी गप्प बसले. चुकलंच माझं.

माझी थोरली बहीण देल्मिना सत्त्याऐंशीची आहे. पोर्तुगालच्या कोपऱ्यातल्या आमच्या मिरांदेस बोलीतले मेंढरांचे आणि लोकरीचे शब्द तिच्याइतके आता आमच्या सेन्दिम गावात कुणालाच येत नाहीत. ती सांगायची, मी टाइप करायचे. ती गेली की ते शब्दही गेले, म्हणून मला घाई होती.

एका दुपारी मी तिला लिहिलेलं वाचून दाखवलं. मेंढीला आम्ही कन्योना म्हणतो. सॉफ्टवेअरला ती पोर्तुगीजमधली चूक वाटली आणि त्यानं मला न विचारता सगळीकडे कन्योता करून टाकलं. पोर्तुगीजमध्ये कन्योता म्हणजे डावखुरी.

"मी डावखुरीचं दूध काढलं?" ताई म्हणाली. "कुठली गं ही? शेजारच्या फेलिस्मिनाची सून का?"

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही.

"या बोलीपायी शाळेत छड्या खाल्ल्या. आता घरातलं मशीनही माझंच चुकतंय म्हणतं. मी नाही सांगत जा."

आणि खरंच, आठ दिवस झाले तरी तिनं एकही शब्द सांगितला नाही. मी घाबरले. मग माझं डोकं फिरलं आणि मी एल्व्हियोला फोन लावला.

"आत्या, ती दुरुस्ती बंद करता येते," तो म्हणाला.

"दटावल्यावर गप्प बसणारं मला नको. ज्याला मध्ये बोलताच येत नाही, असं हवं."

"तसलं फुकटचं मिळेल. पण अगदीच साधं असतं गं."

"मीही साधीच आहे."

मी स्वतःच शोधलं. पहिलं इतकं जड की लॅपटॉप धापा टाकू लागला. दुसऱ्याला सारखं इंटरनेट हवं. तिसरं इवलंसं, फुकट, चहात साखर ढवळेपर्यंत उघडणारं. त्यात शब्दकोशच नव्हता. त्याला कुठलीच भाषा येत नव्हती, म्हणून ते कुठलीच चूक ठरवत नव्हतं. महागडं मी स्वतःच्या हातानं काढून टाकलं आणि सगळी पानं पहिल्यापासून टाइप केली.

जूनमध्ये एल्व्हियो आला. ताई चुलीपाशी पाठ फिरवून बसली होती, अजून रुसलेलीच. त्यानं स्क्रीनवरची पानं वाचायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीला अडला. मदतीला तिथे शब्दकोश नव्हता. तो उठून ताईपाशी गेला.

"मोठी आत्या, हा शब्द मला कळत नाही. काय आहे हे?"

शहरच्या माणसाशी पोर्तुगीजच बोलायचं, हे आमच्या हाडात मुरलंय. या पोराशी ताई जन्मभर तसंच बोलत आली.

या वेळी तिनं उत्तर दिलं, आमच्या बोलीत, मुद्दाम मोठ्यानं. त्याला अर्धंही समजलं नाही. त्यानं स्टूल ओढलं आणि तो म्हणाला, "परत सांग."

मी टाइप करायला बसले.