तोंडावर बांधलेलं मानाचं कापड

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. जुना म्हणजे काही शंभर वर्षांचा नव्हे. पण माधवनगरला यंत्रमागांच्या शेडमध्ये राहिलं की म्हातारपण किती लवकर येतं, ते मला विचारा.

माझी घडण साधी. पत्र्याचं अंग, पुढे जाळी, आत घड्या घातलेला जाड कागद आणि मागे पंखा. शिवाय धूळ ओळखणारा एक बारीक डोळा. हवा मळकी असली की मी जोरात चालतो, स्वच्छ झाली की आपोआप हळू होतो. विनाकारण वीज जाळायची मला सवयच नाही.

कुतुबुद्दीनचाचांनी मला काही हौसेनं आणलं नाही. जन्मभर मागापाशी उभं राहून कापसाचे तंतू त्यांच्या छातीत बसले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकला थांबला नाही तर माग सोडा. माग सोडून चाचा करणार काय? दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. खिडक्या उघडल्या तर सूत कोरडं पडून तटातट तुटायचं. भिंतीतला मोठा पंखा धुळीबरोबर ओलावाही बाहेर फेकायचा, वर वीज खायचा ती वेगळीच. मी मात्र आतलीच हवा गाळून आतच सोडतो. हळूहळू चाचांचा खोकला कमी झाला. त्यांची सून अफसाना आल्यागेल्याला माझं कौतुक सांगू लागली. मीही जरा फुगलोच, खोटं कशाला बोलू!

आता या घरची एक रीत ऐका. मागावर नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, चढला की त्याचं पहिलं हातभर कापड विकायचं नाही, घरातल्या कामाच्या वस्तूला मानानं बांधायचं. चाचांची बायको खातूनबी, फार मायेची बाई. एवढ्या गुणाच्या यंत्राला धूळ लागू नये, म्हणून तिनं ते कापड नेमकं माझ्या जाळीवर बांधलं. पुढचा बीम चढला, त्यावर दुसरं. मग तिसरं.

मित्रांनो, माझा जीव गुदमरला. समोर धूळ दिसत होती, पण ओढायला तोंडच मोकळं नव्हतं. पंखा दिवसभर जिवाच्या आकांतानं फिरे. विजेचं बिल वाढलं, आवाज वाढला आणि चाचांचा खोकला पुन्हा सुरू झाला. शेवटी वैतागून त्यांनी माझं बटण बंद केलं. कालपर्यंत गुणाचा होतो, आज बिनकामाचा झालो. फार वाईट वाटलं मला. चाचांनी मागाला गिऱ्हाईक बघायला सांगितलं, तेव्हा तर माझ्याच्यानं ऐकवेना.

गिऱ्हाईक यायच्या आधी शेवटचा बीम चढला. मी बंद असलो तरी खातूनबी रीत चुकवणारी नव्हे. नव्या कापडाची गाठ बसेना, म्हणून तिनं जुनी सोडली, तर त्यांचा थर धुळीनं गोधडीएवढा जाड झालेला. तिनं तो उचलून चाचांपुढे धरला.

"आवं," ती चाचांना म्हणाली, "ह्याचं नाक म्याच दाबलं की. तुमच्या छातीवर म्याच बसले."

चाचांना खोकल्याची उबळ आली होती. ती ओसरली. मग ते म्हणाले, "मानानंच बांधलंस न्हवं? आता ह्याच्या पायाला बांध."

अफसानानं माझी जाळी झाडली, आतला कागद बदलला आणि बटण दाबलं. आधी मी जोरात घोंघावलो, मग आपसूक हळू झालो. गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन परत गेलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला हार नको, झाकण नको. त्याची जाळी वेळेवर झाडा आणि तोंड मोकळं ठेवा. आमचा मान तेवढाच.

माझ्या पायाला आता बरीच कापडं झाली आहेत. संध्याकाळी माग थांबले की खातूनबी माझी जाळी झाडते आणि कान देऊन उभी राहते, माझ्याकडे नव्हे, चाचांकडे. काल म्हणाली, "आज तुमी एकदाबी खोकला न्हाईसा."

चाचा म्हणाले, "उद्या नवा बीम चढवायचा हाय."