इंदिराबाईला जमेल अशी बाई

चामोर्शीच्या बाजारात इंदिराबाईशी भाव करायला माणसं घाबरायची. तिचा नवरा डोमा वैनगंगेत जाळं टाकायचा आणि ती विकायची. मरळीला कुणी "शिळी दिसते" म्हटलं की ती मासा उचलून त्याच्या नाकापाशी धरायची, आणि मग त्या माणसाच्या तीन पिढ्यांची चौकशी सुरू व्हायची.

एप्रिलमध्ये ती आणि तिची भावजय सोमारी मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या. दोघींमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. सोमारी वाकलेली होती आणि वाघ मागून आला. जे झालं ते बघून इंदिराबाई एकटीच घरी परतली, पण त्या दिवसापासून तिचं बोलणं बंद झाल्यासारखंच होतं. विचारलं तर "हो", "नाई", "बरं". बाजारात बसायची, गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला देऊन टाकायची.

तिची मुलगी पायल चामोर्शीतच ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होती. तेवीस वर्षांची, एका जागी बसून राहणं तिला माहीत नव्हतं. तिनेच आईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "गोळीनं झोप येईल. पण यांना कुणाशी तरी बोलायला पाहिजे. समुपदेशक बघा."

पायलने आधी फोनवरचा समुपदेशक मिळवला. दूरच्या शहरातला, आवाजाने सज्जन. इंदिराबाई अर्धा तास फोन कानाला लावून बसली आणि अकरा वेळा "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर पायलने विचारलं, "का म्हने?"

"चांगला मानूस आहे. मले अर्धं समजलं नाई."

दिवाळीच्या आधी दोघी बसने चंद्रपूरला गेल्या. तिथल्या मॅडम अनुभवी होत्या, मायेने बोलायच्या. थंडगार खोली, गुबगुबीत खुर्ची. त्यांनी एक कागद दिला आणि मनाला किती त्रास होतो ते एक ते दहाच्या मधे सांगायला सांगितलं. इंदिराबाईने पाच सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही पाच, तिसऱ्या खेपेलाही पाच.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या मॅडमच्या खुर्चीत बसली का मले पाव्हनी आल्यासारखं वाटते. पाव्हनीनं का रडाव? दोन मानसं झाले, पायल. त्यायच्यात खोट नाई. माह्यातच आहे. आता राहू दे."

पायलने दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. आई येणार नाही हे सांगताना तिला अपराध्यासारखं वाटत होतं. पण मॅडम रागावल्या नाहीत.

"अगं, हे होतंच," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचं प्रत्येकाशी जमत नाही. यात त्यांची चूक नाही, माझीही नाही. तू एक कर. कसं माणूस असलं तर बोलावंसं वाटेल, हे आईलाच विचार. मग मला सांग, मी नाव सुचवते."

पायल चकितच झाली. आठ महिने तिने डॉक्टरांना विचारलं होतं, इंटरनेटवर शोधलं होतं, शेजारणींचा सल्ला घेतला होता. आईला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी इंदिराबाई अंगणात शिंगाळे मासे साफ करत होती. पायल समोर बसली आणि तिने विचारलं. इंदिराबाई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी झिंगे निवडता निवडता, मान खाली घालूनच म्हणाली, "चप्पल काढून खाली बसता आलं पायजे."

पायलने फोन काढला आणि लिहायला सुरुवात केली. "अजून?"

"आपली बोली समजली पायजे. मी तळ्याले 'बोडी' म्हनलं त मले 'बोडी म्हंजे काय' असं इचारू नये." थोड्या वेळाने तिने झिंग्यांची परात बाजूला सारली. "अन् 'विसरून जा' म्हनू नये. समदे तेच म्हनून राह्यले."

आठ महिन्यांत आई एवढी सलग बोलली नव्हती. पायलला रात्रभर झोप आली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिने मॅडमना ती यादी वाचून दाखवली. मॅडमनी नंबर दिला. दिव्यानी गेडाम. मूळची आलापल्लीची, वडील जंगलखात्यात चौकीदार होते. दर गुरुवारी चामोर्शीत बसायची.

पायलने फोन लावला आणि नमस्कारही न करता विचारलं, "मॅडम, तुम्ही लोकांले 'विसरून जा' म्हनता काय?"

पलीकडून हसू आलं. "विसरता येत असतं त माह्या कामाची गरजच नसती ना."

"अन् खाली बसता येते का?"

"चटई आहे. पन माही बी एक अट आहे. आईले तीनदा आना. तिसऱ्यांदा त्यायनं मले तोंडावर सांगाव, जमते का नाई. नाई जमलं त मी दुसरं नाव देईन. गुपचूप येनं बंद करायचं नाई."

पायलने फोन ठेवला आणि दुकानात एकटीच टेबलाभोवती फिरली.

जानेवारीतल्या पहिल्या गुरुवारी दोघी गेल्या. शिंप्याच्या दुकानामागची साधी खोली, जमिनीवर चटई, कोपऱ्यात पाण्याचा माठ. दिव्यानी तिशीची, सावळी, केसांना तेल लावलेली. तिने इंदिराबाईला आत घेतलं आणि दार लोटलं. पायल बाहेर पायरीवर बसली.

आधी काहीच ऐकू येईना. मग दिव्यानीचा हळू आवाज, "बाई, वाघ येते त पापनी लवायच्या आत येते. त्या टायमाले कोनीच काही करू शकत नाई."

आणि एकदम इंदिराबाईचा आवाज आला, मोठा, चिरका.

"तुमाले का मालूम? तुमी होत्या का तिथी?"

शिंप्याचं मशीन थांबलं. पायल ताडकन उभी राहिली.

"नव्हती," दिव्यानी म्हणाली. "चुकलं माह्यं. तुमी होत्या. तुमी सांगा."

"मले दिसला होता तो! झुडपातून निंगताना दिसला! मी तोंड उघडलं, सोमारे म्हनून बोंबलाव म्हनलं, अन् आवाजच नाई निंगाला. गळा बंद. एक आवाज देल्ली असती त ते पलटली असती..."

पायलला हे माहीतच नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्याच वेळी तिला हसूही येत होतं, कारण आई बोलत होती, भांडत होती. शिंपी तिच्याकडे बघत राहिला. ही पोरगी रडते आहे की हसते आहे, त्याला कळेना.

दार उघडलं. दिव्यानी बाहेर डोकावली. "पायल, बाहेर ऐकू येऊन राह्यलं न? तू समोरच्या हॉटेलात चहा पी. हे त्यायचं आहे."

पायल गेली. चहा मागवला, तो निवला, दुसरा मागवला. एका जागी बसवेना म्हणून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. एक तासाने इंदिराबाई आली. डोळे सुजलेले, पदर ओला. बाकावर बसून तिने आलुबोंडे मागवले, दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला.

"कशी आहे ती?" पायलने विचारलं.

"भांडली मी तिच्यासंग."

"मंग?"

"मंग का? पुढच्या बेस्तवारी पुन्हा जातो. अर्धंच झालं सांगनं."

तिसऱ्या गुरुवारी दिव्यानीने पायललाही आत बोलावलं आणि इंदिराबाईला विचारलं, "आज सांगाचं ठरलं होतं. जमते का मी?"

"जमते," इंदिराबाई म्हणाली. "पन मी बोलतो तवा तुमी वहीत लिहून राह्यता. मले पोलीस ठान्यात बसल्यावानी वाटते."

दिव्यानीने वही मिटून माठाच्या मागे ठेवली. "बरं झालं सांगितलं. आता तुमी गेल्यावर लिहीन."

इंदिराबाई बरी झाली असं लगेच कुणी म्हणू शकलं नसतं. एखादा दिवस ती उठायचीच नाही. पण उठवत नाही हे ती आता सांगायची.

मार्चमध्ये मोह गळायला लागला. शेजारणीच्या अंगणात फुलं वाळत पडली आणि तो वास घरात शिरला. दोन दिवस इंदिराबाई जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पायल नाहून आली, तर आई तिचा फोन हातात धरून उभी. दिव्यानीचा नंबर तिने स्वतः लावला होता.

"मी इंदिरा बोलून राह्यली. बेस्तवारपर्यंत थांबनं होत नाई." ऐकून घेतल्यावर ती पायलकडे वळली. "ते आज आलापल्लीले आहे. येता का म्हनते."

आलापल्लीचा रस्ता जंगलातून जातो. गेल्या एप्रिलपासून इंदिराबाईने जंगलात पाय टाकला नव्हता. पायल काही म्हणायच्या आत ती बोलली, "मालूम आहे मले कुठून जाते ते. खिडकीपाशी तू बस."

आष्टी मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं. इंदिराबाईने पायलचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली. डोळे तिने मिटले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "छातीत धडधडून राह्यलं." मग, "उलटी येईन असं वाटते." मग बऱ्याच वेळाने, "अजून किती आहे?"

"अर्धा तास."

"होते मंग."

पायलला बसमध्ये उठून सगळ्यांना सांगावं असं वाटत होतं की ही बघा माझी आई, जंगलातून चालली आहे.

आलापल्लीच्या स्टँडवर दिव्यानी उभी होती. इंदिराबाई पायरी उतरली, एक हात अजून पायलच्या हातात होता.

"आली बाप्पा," ती म्हणाली. "पहिले पानी पाजा. मंग सांगतो."