मुरलेल्या तेलाची कढई

मी कढई बोलतेय. पितळेची नाही, नॉनस्टिकची तर नाहीच नाही. ठोकीव लोखंडाची. जन्म म्हणाल तर मार खाऊनच झाला. लोहाराने लालभडक पत्रा ऐरणीवर ठेवला आणि घणाने असा बडवला, की मी किंचाळत किंचाळत खोलगट झाले. पाण्यात बुडवली तेव्हा अंगाची नुसती वाफ वाफ झाली. त्या लोहारावर माझा राग नाही. लोखंडाला मारल्याशिवाय आकार येत नाही. माणसाचंही तसंच असतं असं समजणारे लोक पुढे भेटले, त्यांच्यावर मात्र आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझं पोट खोल, तोंड बेताचं. थोड्या तेलात भरपूर तळण निघतं, म्हणून सासूबाईंनी मला पसंत केलं. तेव्हा त्या कुणाच्या सासूबाई नव्हत्या, नव्या नवरी होत्या. माझ्या तोंडावर अगदी घट्ट बसणारं एक जाड झाकणही त्यांनी शोधून घेतलं. माझी आणि त्या झाकणाची जोडी त्या घरातल्या नवराबायकोपेक्षा बरी जमली होती.

कारण त्यांच्या नवऱ्याचा हात सैल. मीठ कमी पडलं की हात, जास्त पडलं की हात. एकदा, गाल सुजलेला असताना, त्यांनी उकळत्या तेलासकट मला दोन्ही कान फडक्यात धरून उचललं. बाहेरच्या खोलीत नवरा दुपारचा घोरत पडला होता. त्याच्याकडे तोंड करून त्या दारात उभ्या राहिल्या. मग वळल्या, मला शेगडीवर ठेवलं आणि बटाट्याचे काप सोडले. मला वाटलं, बाईला बाहेर काहीतरी न्यायचं होतं आणि विसरली.

पुढे नवरा गेला, पोरगा मोठा झाला, घरात सून आली. पोराला गल्लीत सगळे पाठीमागे भडका म्हणायचे. बापाचा हात आणि स्वतःचं तोंड, असा दुहेरी वारसा. एका हॉटेलच्या भटारखान्यात तो तळणीवर होता. तिथला मालक दिवसभर त्याच्यावर खेकसायचा आणि भडका ते सगळं खेकसणं सांभाळून घरी आणायचा.

बरोबर आणखी एक वस्तू आणायचा. हॉटेलात तळून तळून काळं पडलेलं तेल, डबा भरून. फुकट ते पौष्टिक!

"नवं तेल कोरडं लागतं," तो सांगायचा. "यात चव मुरलेली असते. आमच्याकडे गिऱ्हाईक उगाच येत नाही."

चव कसली, मढं मुरलेलं होतं त्यात. माझ्या पोटात ते पडलं की काकवीसारखं चिकट पसरायचं. जुने मासे, जुने कांदे, जळक्या पिठाचा गाळ, सगळ्यांचा वास एकदम उठायचा. नीट तापायच्या आधीच धूर सोडायचं आणि काही टाकलं की फेस धरायचं. त्या धुराने सासूबाईंना खोकल्याची उबळ येई, ती डोळ्यांत पाणी आल्याशिवाय थांबत नसे. छातीतली जळजळ वेगळीच. तरी त्या स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायच्या आणि मुलाला एक शब्द बोलायच्या नाहीत.

सुनेला ते बघवेना. ती तेलाच्या दुकानात गेली, जाताना मलाही पिशवीत घालून. "एवढ्या कढईला पुरेल असं तळायचं तेल हवं," तिने दुकानवालीला सांगितलं, "तब्येतीला बरं आणि मला परवडेल असं."

"जवसाचं नेऊ नकोस," दुकानवाली म्हणाली. "चांगलं असतं, पण वरून घ्यायला. तापवलं की लगेच धुरतं, आणि महाग ते वेगळंच. रिफाइंड शेंगदाण्याचं ने, नाहीतर तांदळाच्या कोंड्याचं. ते ताव सोसतं. कढई तुझी छान आहे, कमी तेलात भागेल. तळण झालं की गाळून ठेव, फार तर आणखी एकदा वापर. काळं पडलं, फेसाळलं, वास आला, की जीव अडकवू नकोस. आणि रोज तळलंच पाहिजे असं कुठे आहे?"

त्या दिवशी माझ्या पोटात शेंगदाण्याचं ताजं तेल पडलं. किती वर्षांनी मला माझा तळ दिसला! काप पडले, तेल नुसतं हसल्यासारखं कुरकुरलं, आणि सासूबाई न खोकता जेवल्या.

तेवढ्यात भडका आला. त्याने वास घेतला.

"हे कुठलं?"

"दुकानातलं. आईंना त्या धुराने त्रास होतो. तुमच्या तेलात आता काही राम राहिलेला नाही, अहो."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जन्म घालवला तळणीवर, आणि तू मला तेल शिकवतेस?"

माझं झाकण त्याच्या हाताशी होतं. ते त्याने तिच्यावर भिरकावलं. तिच्या खांद्यावर बसलं, तिथून ओट्याच्या कडेवर आदळलं आणि त्याची एक बाजू दुमडली. मग त्याने ताज्या तेलाची बाटली मोरीत उपडी केली. ती खांदा धरून खाली बसली होती. सासूबाई मागे न वळता म्हणाल्या, "त्याला विचारून घ्यायचं होतंस." मला त्या वेळी सासूबाईंचा भडक्याइतकाच राग आला. झाकण सुनेने बत्त्याने ठोकून सरळ करून पाहिलं, पण एका बाजूला बोटभर फट राहिलीच.

सुट्टीच्या दिवशी भडका स्वतः माशांचे तुकडे तळायला उभा राहिला. बायकोला धडा शिकवायचा होता. काळं तेल माझ्या काठापर्यंत ओतलं आणि गॅस मोठा केला.

"धूर येतोय. गॅस बारीक करा," ती दारातून म्हणाली.

"गप बस."

धुराने छत दिसेनासं झालं. त्याने धुतलेले, पाणी गळणारे तुकडे मूठभर सोडले. फेस फसफसत वर आला, माझ्या काठावरून उतरला आणि खालच्या ज्योतीला जाऊन मिळाला. मी पेटले. बाहेरून, आतून, तोंडातून. लोहाराच्या भट्टीनंतर एवढी आग मी पाहिली नव्हती.

तिने धावत येऊन झाकण टाकलं. बसलं असतं तर आग तिथेच गुदमरून मेली असती. पण त्याने दुमडलेली बाजू उघडी राहिली आणि जाळ त्या फटीतून जिभेसारखा बाहेर आला. "पाणी नको," ती ओरडली. भडक्याने झाकण उडवून तांब्या भरून पाणी ओतलंच. पाणी तळाशी गेलं आणि मी फुटल्यासारखी ओकले. आगीचा लोळ छताला भिडला. उकळतं तेल त्याच्या दोन्ही हातांवर आलं आणि कातडी डोळ्यांदेखत सुटली. तो जनावरासारखा ओरडला.

तिने गॅस बंद केला आणि लोखंडी परात माझ्यावर पालथी घातली. आतल्या आत मी विझले. मग तिने त्याचे हात नळाखाली धरले. ज्या हातांचे वळ तिच्या अंगावर होते, तेच.

हात पट्ट्यांत बांधलेले होते तोवर घर शांत होतं. ती त्याला घास भरवायची. माझ्यात ताजं तेल, तेही अधूनमधून, आणि तळण झालं की ती ते गाळून ठेवायची. सासूबाईंचा खोकला निवळला. भडकाही तेच तळण मुकाट खायचा, कोरडं लागतं म्हणून कधी म्हणाला नाही. मी वेडी, मला वाटलं, गडी सुधारला. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

पट्ट्या सुटल्या, तो कामावर गेला आणि संध्याकाळी काळ्या तेलाचा डबा घेऊन आला.

मी शेगडीवर होते, ताज्या तेलाने तापलेली.

"ओत ते मोरीत," तो म्हणाला. "आजपासून परत हे."

"नाही."

त्याचा हात वर गेला. नव्या कातडीचा, गुलाबी, चकाकणारा हात.

तिने फडकं घेतलं, माझे दोन्ही कान धरले आणि मला छातीपर्यंत उचललं. माझा काठ त्याच्या बाजूला झुकला. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, कलंडावं. या माणसाच्या तोंडावर पोट रिकामं करावं आणि सगळे हिशेब चुकते करावेत. एवढी हिंसा माझ्यात होती, ती कुठल्याही तेलाने आणलेली नव्हती.

पाठ करून बसलेल्या सासूबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या वळून, सुनेच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"डबा घे आणि बाहेर हो," त्या मुलाला म्हणाल्या. "ती ओतेल. तुझ्या बापावर ओतायला मीही हीच कढई उचलली होती. माझा हात कचरला. हिचा कचरणार नाही, आणि मी हिला अडवणार नाही."

भडक्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात खाली आला. डबा उचलून तो बाहेर पडला आणि पुन्हा त्या घरात राहायला आला नाही.

सुनेने मला परत शेगडीवर ठेवलं. सासूबाईंनी गॅस बंद केला. ते तेल त्या दिवशी तसंच निवलं.

आता मी म्हातारी झालेय. एक कान सैल आहे, पाठ काजळीने जाड झालीय, वरचं झाकण नवं आहे. दोघी मला धुतात, पुसतात, तेलाचा हात फिरवून ठेवतात. बाई गं, माझ्यात तेल ताजं घाल, थोडं घाल, धूर दिसला की आच कमी कर, एवढं तर सांगेनच. पण माझं खरं मागणं घरातल्या पुरुषाकडे आहे. मी तळायला जन्मले. मला दोन्ही कानांना धरून तुमच्याकडे वळायची पाळी कुणा बाईवर आणू नका. दोनदा मी परत शेगडीवर गेले. तिसऱ्यांदा जाईन, असा भरवसा मी देत नाही.