महालिंगची मूठ

“मूठ आवळ. आवळलीस? आता सोड. काय झालं?”

“फुटली, वस्ताद.”

“मग तेल कमी हाय. वत आनी वाईच. बोटांचं ठसं उठलं पायजेत मातीवर, पर बोटाला चिकटायची न्हाय ती. आन् असं रागानं कालवू नगंस लेका. आई डोक्याला तेल लावती, तसं लाव मातीला.”

वस्ताद जाऊन कैक वर्षं झाली, पण त्यांचा आवाज महालिंगच्या कानांत तसाच होता. कान मात्र तसे राहिले नव्हते. गडहिंग्लजकडच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात तो पैलवान व्हायला कोल्हापूरच्या तालमीत आला, आणि जो भेटेल त्याने त्याला आपटला. थोराडांनी आपटला, बारक्यांनी आपटला. एकदा तर तापातून उठून नुसती तालीम बघायला आलेल्या पोरानेही आपटला. त्या रगडपट्टीत दोन्ही कान चुरगळून पुरीसारखे फुगले आणि तसेच राहिले.

शेवटी वस्ताद म्हणाले, “महालिंग, तुझ्या हाताला माती कळती, मानूस कळत न्हाय.” आणि त्यांनी त्याच्या हातात खोरं दिलं. तेव्हापासून ताक, लिंबू, हळद, तेल घालून हौद्यातली तांबडी माती मुरवायची, हा त्याचा व्यायाम झाला. त्या लोण्यासारख्या मातीत कुस्त्या दुसऱ्यांनी मारल्या.

पुढे तो पाणी खात्यात चावीवाला म्हणून चिकटला. खांद्यावर लोखंडी चावी टाकून पहाटे पेठेत पाणी सोडत निघाला, की बाया दारातून हाका मारायच्या, “पैलवान, आज तरी फोर्सनं सोडा की पानी!” कान बघून लोकांनीच त्याला पैलवान केलं होतं. मग कुस्त्याही लोकांनीच त्याला जिंकून दिल्या. त्यांत तालमीतला बाळासो सगळ्यांच्या पुढे. वयाने महालिंगहून बराच लहान, पण सांगायचा असा, की जणू हा त्या मैदानात नारळ फोडायला उभा होता.

“आमच्या पैलवानानं त्या पंजाबच्या गड्याला घिस्सा मारला, तवा धुरळा पार पन्हाळ्यावरनं दिसला म्हनं!”

महालिंग हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. मिशीवरून हात फिरवायचा. आणि घरी आला, की बायकोकडेही, रत्नव्वाकडेही, त्या विषयाला तोंड फुटू द्यायचा नाही. पैलवान म्हणून मला दिली, असं ती समजत असणार. कशाला तिचा हिरमोड करा?

बहात्तरचा दुष्काळ सरला. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची चव जिभेवरून जाईना, म्हणून रत्नव्वाने एक दिवस सामोसे करायला घेतले. कृती तिला माईंनी सांगितली होती. माई म्हणजे पेठेतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून निवृत्त झालेल्या. तळताना सामोशांवर फोड आले आणि ताटात येईपर्यंत ते मान टाकून बसले.

“सामोसा हाय का पावसात भिजल्याली टोपी?” महालिंग म्हणाला.

“मग करून दावा की! बसल्या जागी नावं ठिवायला काय लागतंय?”

त्याने रागारागाने परात पुढे ओढली. मैद्यात ओवा, मीठ, कडकडीत तेल पडलं. तेल पिठात चोळता चोळता त्याचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. बोटं आपली आपण चालू लागली. त्याने मूठ आवळली, सोडली. पिठाचा मुटका तळहातावर तसाच राहिला, चार बोटांचे ठसे घेऊन. मग थेंब थेंब पाण्यात घट्ट मळलं, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. त्या दिवशीचा सामोसा मोडला, तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या विठाबाईने विचारलं, “काय फुटलं गं, रत्नव्वा?”

“कुनाला सांगायचं न्हाय,” महालिंग कुजबुजला. “पैलवान घरात मैदा मळतोय म्हनून कळलं, तर चावी घिऊन कुठल्या तोंडानं हिंडू?”

“खाल्ल्यालं चालतंय न्हवं पैलवानाला?”

“खाल्ल्यालं चालतंय.”

रत्नव्वाने गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून आण घेतली. तेव्हापासून सामोशांचा बेत असला, की दाराला कडी लागायची, खिडकीवर लुगडं पडायचं. आत परातीवर धपाधपा हात पडायचे, आणि तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रत्नव्वा मोठ्याने ओवी लावायची.

मैदा मी मळीयेते, परात डुलं डुलं
दाराला लावी कडी, आतलं कोन बोलं

“अगं, गान्यात तरी सांगू नगंस!” महालिंग कळवळायचा.

मंडळाच्या वाढदिवसाला माईंनी पदार्थांची स्पर्धा ठेवली. शाळेच्या हॉलमध्ये बाकं लावायला तालमीची पोरं आली होती. पोरांवर नजर ठेवायला बाळासो होता, आणि प्यायच्या पाण्याचं बघायला महालिंग. ताटं मांडली गेली. दर साली करंज्यांवर पहिलं बक्षीस नेणाऱ्या विठाबाईने रत्नव्वाच्या ताटातला सामोसा उचलून मोडला. कुर्रर्र! पाठीमागच्या बाकावरचं झोपलेलं मूल जागं झालं.

विठाबाई हॉलभर ऐकू जाईल अशी म्हणाली, “हे घरातलं न्हवं. स्टँडावरच्या हाटेलातलं हाय. घरच्या मैद्याला असा कुरकुरीतपना येत न्हाय, माझं केस पिकलं की करंज्या करून!”

“मी घरातच क्येल्यात, आत्ती.”

“व्हय? मग मळून दाव हितं. समद्यांच्या म्होरं!”

माई मधे पडल्या. “भांडू नका. रत्नव्वा, मैदा आहे, तेल आहे, स्टोव्ह आहे. तुम्ही इथेच पीठ मळा, म्हणजे प्रश्नच मिटला.”

रत्नव्वाने परातीकडे बघितलं. एकदा नवरा लग्नाला जयसिंगपूरला गेला असताना तिने एकटीने पीठ मळून बघितलं होतं, आणि पुन्हा त्या भिजक्या टोप्याच झाल्या होत्या. तिने दाराकडे बघितलं. दारात महालिंग पाण्याची घागर घेऊन उभा होता, शेजारी बाळासो, मागे तालमीची पोरं. तिचा हात गळ्याशी गेला.

“न्हाय मळत,” ती म्हणाली. “इकत आनल्यात. हाटेलातनं.”

विठाबाईलासुद्धा एवढ्या लौकर जिंकायचं नव्हतं. तिने हातातला तुकडा ताटात परत ठेवला. माईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेजारणीकडून आणलेलं विरजणही परत फेडणारी रत्नव्वा, पेठेत खोटी ठरून मान खाली घालून उभी होती.

महालिंगने घागर खाली ठेवली. ती इतकी जोरात ठेवली, की पाणी बाळासोच्या पायावर आलं. तो बायकांमधून वाट काढत गेला, परातीपुढे मांडी घालून बसला आणि बाह्या वर सारल्या.

“तेल कडकडीत करा,” तो माईंना म्हणाला. माईंना कुणी काम सांगायची पद्धत नव्हती, पण त्यांनी मुकाट्याने स्टोव्हला पंप मारला.

तेल पडलं. मैदा चुरचुरला. त्याची बोटं पिठातून फिरू लागली. घाई नाही, जोर नाही. कुणाच्या तरी कोरड्या केसांना तेल लावावं तशी. त्याने मूठ आवळली आणि सगळ्यांपुढे उघडली. मुटका उभा होता.

“या बया,” विठाबाई म्हणाली. “ह्यो तर मुरल्याला हात हाय.”

बाळासो ओल्या पायांनी पुढे आला. “पैलवान, तुमी? मैदा?”

“पैलवान म्हनू नगंस, बाळासो. मी पैलवान कवाच न्हवतो. तालमीत माती मळत हुतो, घरात मैदा मळतोय. येवडंच येतंय मला.”

“आन् ती पंजाबच्या गड्याची कुस्ती?”

“ती तूच मारलीस.”

पोरं खिदळली. कुणीतरी तोंडात पदर कोंबला. महालिंगला त्याचं काही वाटलं नाही. त्याला भीती होती ती एकाच माणसाची. त्याने मान वर करून रत्नव्वाकडे बघितलं.

ती पदर खोचून त्याच्या समोर बसली होती. तांब्या घेऊन तिने पिठावर बेताने पाण्याची धार धरली, आणि ती थांबवत म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“काय?”

“कुस्तीचं. लगनाच्या आदीच तुमच्या वस्तादांनी माज्या अप्पांस्नी सांगितलं हुतं. पोरगं रोज पडतंय म्हनलं, पर हात लई मऊ हाय त्येचा.” तिने परात त्याच्याकडे सरकवली. “म्हनून तर मी व्हय म्हनलं.”